सावलीतून भूप: हातवाऱ्यांवर वाजणारं वाद्य घरी कसं बनवावं

लेव्ह थेरेमिन या रशियन संशोधकाने १९२० च्या सुमारास हात न लावता वाजणारं वाद्य बनवलं. एका हाताने स्वर, दुसऱ्याने आवाज कमी-जास्त. पण ते सुरात वाजवणं महाकठीण, कारण हवेत पट्ट्या नसतात. आपण हवेत पट्ट्या मांडूनच टाकू: भूप रागाचे पाच स्वर आणि वरचा सा.

सामान थोडंच लागतं: आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एक एलडीआर (उजेड ओळखणारा भाग; उजेड वाढला की याचा रोध कमी होतो), १० किलोओहम आणि २२० ओहमचे रेझिस्टर, पुश बटन, ८ ओहमचा छोटा स्पीकर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची पाटी) आणि वायरी.

आधी हातांची कामं वाटा

पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर, उजवा स्वरांवर. तेच इथे करा. डाव्या हाताने बटन दाबलेलं असेल तोवरच आवाज, सोडलं की शांत. माझ्या पहिल्या प्रयत्नात बटन नव्हतं. वाद्य अखंड किंचाळत राहिलं आणि घरच्यांनी वायर उपटली. उजव्या हाताची सावली एलडीआरवर पडते: हात वर नेला की उजेड वाढतो आणि स्वर वर, खाली आणला की खाली. गाणारा तार सप्तकात जाताना हात वर नेतो, त्यामुळे हे कुणाला शिकवावं लागत नाही.

जोडणी

एलडीआरचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ए-झिरो पिनला. त्याच पिनपासून १० किलोओहम ग्राउंडला. बटन पिन २ आणि ग्राउंडमध्ये. प्रोग्राममध्ये पिनला ‘इनपुट पुलअप’ सांगा (म्हणजे बटन मोकळं असताना पिन ‘हाय’ राहते), मग दाबल्यावर ‘लो’ वाचलं जाईल. स्पीकर पिन ८ ला लावताना मध्ये २२० ओहम हवाच. ८ ओहमचा स्पीकर ५ व्होल्टवर सहाशे मिलिअँपियरहून जास्त प्रवाह ओढू पाहतो, आणि पिनची कमाल मर्यादा ४० आहे.

पट्ट्या मांडणं

खरी मेहनत इथे आहे. उनो उजेडाचं माप ० ते १०२३ मध्ये देतो. त्याचे सरळ सहा समान भाग करण्याचा मोह होतो, आणि वाद्य तिथेच बिघडतं. हात जवळ असताना आकडा सेंटिमीटरभरात धाडकन बदलतो, लांब गेल्यावर जेमतेम हलतो. परिणाम असा की खालचे स्वर एकमेकांत कोंबले जातात आणि वरचा सा भलामोठा होतो.

म्हणून एलडीआरशेजारी मोजपट्टी उभी धरा. दर ४ सेंटिमीटरला हात थांबवून सीरियल मॉनिटरवरचा (बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणारी संगणकावरची खिडकी) आकडा लिहून घ्या. असे सहा आकडे. लागोपाठच्या दोन आकड्यांच्या मधोमध त्या दोन स्वरांमधली हद्द. संध्याकाळी उजेड बदलला की सगळं सरकतं, तेव्हा हे आकडे टक्क्यांत ठेवा: एलडीआर हाताने झाकलेला म्हणजे शून्य, उघडा म्हणजे शंभर. वाद्य सुरू होताना ही दोन मापं दरवेळी नव्याने घ्यायची.

थरथर घालवा

आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, एलडीआरला कळू शकतं. एकेक मिलिसेकंदाने १० वाचनं घेऊन सरासरी काढा. एक पूर्ण लुकलुक त्यात जिरते. तरी हद्दीवर हात असला की स्वर फडफडेल. त्यासाठी हद्द दोन-तीन टक्क्यांनी ओलांडल्याशिवाय स्वर बदलू नका. स्पीकरला स्वर वाजवायला सांगणारी ‘टोन’ची आज्ञाही स्वर बदलल्यावरच द्या, नाहीतर टकटक ऐकू येते.

स्वर

सा २४० हर्ट्झ धरला की गणित सुंदर जमतं: रे २७०, ग ३००, प ३६०, ध ४००, वरचा सा ४८०. एकही अपूर्णांक नाही. आवाज मात्र जुन्या व्हिडिओ गेमसारखा येईल, तंबोऱ्याची अपेक्षा नको.

सगळं मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवा. पत्र्याचा डबा दिसतो छान, पण बोर्डाच्या खालची उघडी टोकं पत्र्याला टेकली की शॉर्ट होतं. एलडीआरभोवती काळ्या कागदाची नळी करा, म्हणजे बाजूचा उजेड शिरणार नाही.

मग काहीही न सांगता एखाद्या मुलासमोर ठेवा. बटन त्याला आपणहून सापडलं नाही, तर ते चुकीच्या जागी आहे.

भूपाचा कंटाळा आला तर प्रोग्राममध्ये ३०० च्या जागी २८८ लिहा. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, जाणकारांनी सांभाळून घ्यावं. पण गंधार कोमल होतो आणि खोक्यातून शिवरंजनीचे स्वर येतात.