नाताळचा घरचा केक कागदावर कसा उतरवावा

नाताळच्या केकची कृती बहुतेक घरांत कागदावर नसते, ती कोणाच्या तरी हातात असते. आणि ज्या वर्षी तो हात थकतो, त्या वर्षी ‘मूठभर बेदाणे’ आणि ‘अंदाजाने लोणी’ एवढेच शब्द मागे उरतात. म्हणून ही कृती तोंडी विचारून लिहू नये. केक प्रत्यक्ष होत असताना शेजारी उभे राहून लिहावी.

आजीच्या हाती मापाची वाटी मुळीच देऊ नये, कारण माप आले की सवयीचा हात बिचकतो. त्याऐवजी मैदा, साखर, लोणी आणि सुका मेवा यांचे डबे आधी काट्यावर ठेवून वजन टिपावे, तिला नेहमीसारखे घेऊ द्यावे आणि नंतर पुन्हा वजन करावे. जो फरक येईल, तेच तिचे खरे माप. ताळा पाहायचा असल्यास भरपूर मेव्याच्या केकचे एक रूढ प्रमाण उपयोगी पडते: मैदा, लोणी व साखर प्रत्येकी २५० ग्रॅम, ४ ते ५ अंडी आणि ७०० ते ८०० ग्रॅम मेवा. आजीचे आकडे याहून वेगळे आले, तर तिचेच ठेवावेत.

काही खुणा मात्र काट्यावर येत नाहीत, आणि माझ्या मते खरी चव तिथेच असते. रंगासाठी साखर जाळताना ती कोणत्या छटेवर थांबते, त्याचे छायाचित्र घ्यावे. त्या पाकात पाणी घालताना तो जोरात उसळतो, म्हणून पाणी गरम असावे आणि मुलांना दूर ठेवावे. असा केक सुमारे १५० अंश सेल्सिअसवर, ८ इंची भांड्यात, साधारण ३ तास भाजतो. तो कच्चा असेपर्यंत आतून बारीक चरचर ऐकू येते आणि होत आला की ती मंदावते. सुई घालून पाहण्याआधी कान लावणारी माणसे घरात असतील, तर हेही लिहावे.

रम किंवा ब्रँडी घालून मुरवायचा केक आगमनकाळाच्या (नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान, भाजून कागदात गुंडाळून ठेवावा आणि दर आठवड्याला त्यावर चमचा-दोन चमचे मद्य सोडावे. मेवा संत्र्याच्या रसात भिजवला असेल, तर केक इतके दिवस टिकत नाही. तो नाताळच्या दोन-तीन दिवस आधीच करावा.

पुढच्या वर्षी पीठ तुम्ही कालवावे आणि आजीला खुर्चीवर बसवून चव पाहायला सांगावे. ती ज्या दुरुस्त्या सुचवील, त्या त्याच कागदावर वेगळ्या शाईने, वर्ष घालून लिहाव्यात.