ड्रोन फवारणीपूर्वी बाटलीतील चाचणी

सांगली जिल्ह्यातील वाळवा-पलूस भागात ऊस डोक्यावर गेल्यानंतर सरीत शिरणे अशक्य होते आणि तेथे ड्रोन खरोखर उपयोगी ठरतो. मात्र पाठीवरच्या पंपाने एकरी 200 लिटरच्या आसपास पाणी लागते, तर ड्रोनला साधारण 10 लिटर. त्यामुळे त्याच औषधाचे द्रावण कितीतरी दाट होते आणि पंपात सहज मिसळणारी दोन औषधे येथे फाटू शकतात किंवा गाळ धरून नोझल बंद पाडतात. म्हणून आदल्या दिवशी पारदर्शक बाटलीत नेमक्या त्याच प्रमाणात मिश्रण करावे. आधी पाण्यात विरघळवलेली भुकटी, नंतर तेलकट औषध, हा क्रम ठेवून ते अर्धा तास स्थिर ठेवावे. थर, गाठी किंवा उष्णता दिसल्यास औषधे वेगवेगळी फवारावीत. प्रत्यक्ष फवारणीच्या वेळी द्रावण बादलीत तयार करून, गाळूनच टाकीत ओतावे. एकरी मात्रा लेबलाप्रमाणेच असावी. पाणी कमी म्हणून ती वाढवू नये.

शेजारी द्राक्षबाग असल्यास उसातील 2,4-डी हे तणनाशक ड्रोनने मुळीच फवारू नये. त्याचे वाऱ्यावर गेलेले सूक्ष्म थेंबही वेलीची पाने विकृत करतात, आणि बांधावरचा तंटा वेगळाच.