नवा कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी मागची बाजू बघा
नवा डेस्कटॉप जोडला, बटण दाबलं आणि ढिम्म! घाबरू नका, कॅबिनेटच्या मागे वाकून बघा. पॉवर सप्लायवर एक छोटा खटका असतो. उभ्या रेघेची बाजू दाबलेली असेल तर चालू, गोलाची असेल तर बंद. या खटक्यापायी माझा एकदा अर्धा तास गेलाय.

पंखे फिरतायत, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'? मग केबल तपासा. वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) असेल तर मॉनिटरची केबल लावायचे एचडीएमआयचे पोर्ट बहुधा दोन ठिकाणी असतात: वर यूएसबीच्या शेजारी मदरबोर्डचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डाचे, आणि खाली आडव्या पट्टीत कार्डाचे. केबल खालच्यातच लावायची. खरा घोळ पुढेच आहे. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर वरच्या पोर्टवरही चित्र दिसू शकतं. सगळं ठीक वाटतं, पण पैसे मोजून घेतलेलं कार्ड जवळपास रिकामं बसतं आणि गेम अडखळत चालतात.

मॉनिटर 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र ताजं करणारा असेल तर विंडोज 11च्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट बघून घ्या. पुष्कळदा तो 60वरच बसलेला असतो.