विहिरीत पडलेली घोरपड बाहेर कशी काढावी

चिऱ्याच्या उघड्या बांधणीत घोरपड बहुधा स्वतःच चढून येते. सिमेंटचा गिलावा केलेल्या विहिरीत मात्र नख्यांना पकड मिळत नाही आणि ती पोहून पोहून दमते, म्हणून वेळ घालवू नये.

पाण्यापासून काठापर्यंत पोहोचेल असा जाड बांबू घ्या. त्याला दर वीतभर अंतरावर काथ्याच्या दोरीचे दोन-तीन घट्ट वेढे द्या. नुसता गुळगुळीत बांबू किंवा पाइप टाकला तर ती अर्ध्यावरून घसरते. खालचं टोक हातभर पाण्यात बुडवून बांबू तिरका टेकवा, वरचं टोक रहाटाच्या खांबाला बांधा. सैल राहिला तर तिच्या वजनाने गोल फिरतो.

आता बाजूला व्हा, कुत्री बांधा. काठावर माणसं डोकावत असली की ती वर येत नाही. अंग थंड पडलेलं असेल तर उन्हाची तिरीप मिळाल्यावरच हलते.

शेपटी धरू नका: घोरपडीची शेपटी पालीसारखी तुटत नाही, तिचा फटका बसतो आणि चावा खोल जातो. घोरपडीला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ती जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर कळवा.