रंग दिसेनासा होतो, पण असतोच: पाण्यात रंग विरळ करण्याचा प्रयोग

सहावी ते आठवीच्या मुलांना हा प्रयोग एका तासिकेत जमतो. पाणी स्वच्छ दिसलं की ते शुद्धच, ही समजूत त्यांच्याच हातून मोडते. यवतमाळ, चंद्रपूरकडे बऱ्याच गावांत बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं आणि ते डोळ्याला दिसत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या शाळांत तर हा प्रयोग करायलाच हवा.

सात एकसारखे पारदर्शक ग्लास, निळा किंवा लाल पोस्टर कलर, पांढरा कागद, ढवळायला काड्या आणि मेडिकलमधून आणलेल्या नव्या, बिनसुईच्या दोन सिरिंज घ्या: पाण्यासाठी १० मिलीची, रंगासाठी २ मिलीची. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला ऑइल पेंट चालत नाही. तो पाण्यात मिसळतच नाही. पोस्टर कलर घट्ट असेल तर आधी तेवढंच पाणी घालून पातळ करा आणि त्यालाच मूळ रंग धरा. घट्ट रंग ओढताना सिरिंजमध्ये हवा शिरते आणि माप चुकतं.

१. ग्लासांवर १ ते ७ आकडे टाका. प्रत्येकात ९ मिली पाणी घाला.
२. पहिल्या ग्लासात १ मिली मूळ रंग घालून ढवळा. हा झाला दहात एक भाग.
३. पहिल्यातलं १ मिली दुसऱ्यात, दुसऱ्यातलं १ मिली तिसऱ्यात, असं सातव्यापर्यंत न्या. सातव्यातलं १ मिली काढून फेका, म्हणजे सगळीकडे पातळी सारखी राहील.
४. ग्लास पांढऱ्या कागदावर ओळीने मांडा आणि वरून पाहा.

प्रयोग फसतो तो बहुधा तिसऱ्या पायरीला. सिरिंज दरवेळी तीनदा विसळली नाही, तर आधीच्या गडद पाण्याचा एखादा थेंब पुढे जातो आणि पाचवा ग्लास चौथ्यासारखाच दिसू लागतो. दुसरं कारण ढवळण्यात कसूर. पोस्टर कलरचे कण विरघळत नाहीत, तरंगतात आणि हळूहळू तळाशी बसतात. म्हणून ढवळल्याबरोबर ओढा.

साधारण पाचव्या ग्लासाच्या आसपास रंग दिसेनासा होतो. रंगाच्या जातीप्रमाणे एखादा ग्लास पुढेमागे. इथे मुलांकडून हिशेब करून घ्या: दहा, शंभर, हजार, दहा हजार, लाख, दहा लाख, कोटी. सहाव्या ग्लासात दहा लाखांत एक भाग रंग आहे. पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाखांत दीड भाग. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहा.

उरलेल्या वेळात तीन स्टीलच्या ताटल्या उन्हात ठेवा: एकीत तिसऱ्या ग्लासातलं पाणी, दुसरीत चौथ्यातलं, तिसरीत नुसतं बोरिंगचं. सुकल्यावर पहिलीत रंगाचा डाग ठळक दिसतो, दुसरीत फिका. तिसरीत बहुधा क्षारांचं पांढरं कडं उरतं. त्या कड्यावरून फ्लोराइड ओळखता येत नाही, हेही मुलांना तिथेच सांगा. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो किंवा ग्रामपंचायतीकडे फील्ड टेस्ट किट असेल तर त्यावर तपासावा लागतो.