संध्याकाळचा दीड तास इंटरनेटविना: घरात कसा रुळवावा

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. 2022च्या ऑगस्टमध्ये तिथे एक पद्धत सुरू झाली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला, की साडेआठपर्यंत घरोघरी मोबाइल आणि टीव्ही बंद. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटत नव्हता, हे त्यामागचं कारण. भोंगा वाजल्यावर आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांना समजावत.

यातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे भोंगा सगळ्यांसाठी एकच वाजतो. एकट्याने मनाशी ठरवलेलं ‘आजपासून फोन कमी’ दोन दिवसांत ढेपाळतं. म्हणून घरातही हे सगळ्यांनी मिळूनच करायला हवं.

आधी वेळ ठरवा, आणि ती रोज तीच ठेवा. कुकर लावल्यापासून पानं वाढेपर्यंतचा वेळ बहुतेक घरांत सोयीचा पडतो. आईबाबांचं ऑफिसचं काम त्या वेळेत येत असेल, तर वेळच पुढे ढकला. मुलांना बंदी आणि मोठ्यांना सूट असं झालं, तर तो नियम टिकणार नाही आणि टिकूही नये.

मग भीतीचा बंदोबस्त करा. ‘गावाकडून आईचा फोन आला तर?’ या एका प्रश्नापायी फोन हातातून सुटत नाही. त्यासाठी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, साधे कॉल चालू ठेवा. त्यावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही फोन गप्प ठेवणारी सोय लावा आणि घरच्यांचे नंबर अपवादात टाका. त्यातच एकाच नंबरवरून लागोपाठ दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू देण्याची सोय असते. अँड्रॉइडवर त्यासाठी 15 मिनिटांची मुदत आहे, आयफोनवर 3 मिनिटांची. ती नक्की सुरू करा. खरी निकड असलेला माणूस पुन्हा लावतोच. परदेशातली मुलं व्हॉट्सअॅपवर फोन करत असतील, तर त्यांना वेळ कळवून ठेवा. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे न्यूयॉर्कला सकाळ असते, तेव्हा बोलणं सहज होतं.

फोन ठेवायची जागा ठरवा. खिसा नको, उशाखाली तर नकोच. दाराजवळच्या फडताळात सगळ्यांचे फोन एकत्र राहू द्या. वेळ बघायला भिंतीवर घड्याळ हवं, कारण किती वाजले हे पाहायला उचललेला फोन लवकर खाली येत नाही.

पहिले काही दिवस मुलं कंटाळतील, चिडतील. लगेच कॅरम काढून त्यांना रमवायला धावू नका. कंटाळलेलं मूल थोड्या वेळाने आपणच स्वयंपाकघरात येतं, मटार सोलायला बसतं आणि शाळेत आज कोण कोणाशी भांडलं ते सांगू लागतं. ‘शाळेत काय झालं?’ असं विचारून जे कधी कळलं नसतं, ते असं कळतं. त्या वेळी तुमचेही हात आणि डोळे मोकळे असू द्या.

पाहुणे आले, परीक्षेचा निकाल लागायचा असला, तर त्या दिवशी सोडून द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ.

दीड तास अंगवळणी पडल्यावर मोठ्यांपैकी कोणाला याहून लांबचा पल्ला गाठावासा वाटला, तर इगतपुरीच्या धम्मगिरीत 10 दिवसांची विपश्यना शिबिरं होतात. तिथे फोन सुरुवातीलाच जमा करावा लागतो, आणि शिबिराचं शुल्क नसतं.