गोव्यात गाडी घेताना रास्त भाव कसा ठरवावा

गाडी पसंत पडली की बहुतेक खरेदीदार विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारतात, "शेवटचे किती?" भाव करण्याची ही सर्वांत दुबळी रीत होय. किंमत का उतरावी याचे कोणतेही कारण या प्रश्नात नसते. विकणाऱ्याने दहा-पंधरा हजार आधीच वाढवून सांगितलेले असतात, तेवढे तो उदारपणे सोडतो आणि दोघेही खूश होऊन चहा घेतात. रास्त भाव हवा असेल, तर मागितलेली प्रत्येक सूट कागदावरच्या एखाद्या आकड्याला टेकलेली असली पाहिजे. तो आकडा कोटेशनमधून येतो, गॅरेजवाल्याच्या चिठ्ठीतून येतो किंवा गाडीच्या नोंदणीतून येतो. तो कसा मिळवायचा आणि समोरच्यापुढे कसा ठेवायचा, ते पुढे सांगितले आहे.

सुरुवात शोरूममधून

जुनी गाडी घ्यायचे ठरले असले, तरी त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची ऑन-रोड किंमत (म्हणजे रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा धरून होणारी) आधी लेखी घ्यावी, कारण वापरलेल्या गाडीचा भाव तिच्यावरूनच मोजला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मोजणी बदलली आहे. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस लागत असे. आता एकूण १८ टक्के कर लागतो. म्हणजे करापूर्वी ५,००,००० रुपयांची असलेली गाडी पूर्वी ६,४५,००० रुपयांना पडत होती, ती आता ५,९०,००० रुपयांना पडते. त्याआधी गाडी घेतलेला मालक "मला एवढ्याला पडली होती" असे सांगून भाव पकडून ठेवतो, तेव्हा तो आकडा ऐकून घ्यावा आणि सोडून द्यावा. आज नवी गाडी कितीला मिळते, एवढेच विचारात घ्यावे.

नवीच गाडी घ्यायची असेल, तर एकाच शोरूमवर विसंबू नये. उत्तर गोव्यात एका डीलरकडून आणि दक्षिण गोव्यात मडगाव-वेर्णे भागात दुसऱ्याकडून, अशी किमान दोन लेखी कोटेशने घ्यावीत आणि ती ओळीने ताडून पाहावीत. रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क वाहतूक खात्याच्या पावतीप्रमाणे भरावे लागते, तेथे घासाघीस चालत नाही. एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा सोडून असलेली) दहा लाखांच्या वर असल्यास लागणारा १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा केलेला आयकर, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याचीही फार चिंता करू नये. खरी जागा आहे ती विमा, अ‍ॅक्सेसरीज, एक्सटेंडेड वॉरंटी आणि 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक्स' या नावाने लावलेल्या रकमेत. हँडलिंग हा सरकारी आकार नाही. तो कोटेशनमधून काढून द्या, असे सरळ सांगावे. विमा डीलरकडूनच घेण्याचे बंधन नाही. थर्ड पार्टी विम्याचा दर ठरलेला असतो, पण गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता कंपनीगणिक बदलतो. बाहेरचे कोटेशन समोर ठेवले की शोरूमचा आकडा बहुधा हलतो.

घरात कोणी सरकारी नोकरीत असेल, तर कंपनीची त्यासाठी योजना आहे का, हे नावानिशी विचारावे, कारण विचारल्याशिवाय ती सांगितली जाईलच असे नाही. जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल, तर नव्या गाडीवरची सूट आधी लेखी ठरवावी आणि मगच जुन्या गाडीचा विषय काढावा. दोन्ही हिशेब एकत्र झाले, की एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने कधी परत घेतले गेले, हे कळत नाही. मासिक हप्ता किती बसेल, या प्रश्नाला तर एकूण किंमत ठरेपर्यंत उत्तरच देऊ नये. डिसेंबरात मोठी सूट मिळते, ती वर्ष पालटताच गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते म्हणून. अशी गाडी दीर्घकाळ वापरणाऱ्याला परवडते, तीन वर्षांत विकणाऱ्याला नाही. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली, हे गाडीबरोबर येणाऱ्या कंपनीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २२ वर, पाहावे, सेल्समनच्या शब्दावर जाऊ नये.

जुनी गाडी: आधी नोंदणी, मग रंग

जुन्या गाडीकडे जाण्यापूर्वी तिचा क्रमांक सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर घालून पाहावा. नोंदणीची तारीख, मालक कितवा, कर्जाचा बोजा, विमा आणि पीयूसीची मुदत तेथे दिसते. थकीत चलने ई-चलनच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

गोव्यात याहून एक वेगळी चौकशी आवश्यक आहे. येथे पर्यटकांना चालवायला देण्याच्या रेंट-अ-कॅब गाड्या मोठ्या संख्येने आहेत. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या या गाड्या काही वर्षांनी परवाना सोडून खासगी नोंदणीत येतात, पांढरी पाटी लावतात आणि बाजारात "फर्स्ट ओनर" म्हणून उभ्या राहतात. ते खोटे नसते. मालक एकच असतो; चालवणारे मात्र शेकडो झालेले असतात, आणि त्यातील बऱ्याच जणांनी ती गाडी कळंगुटच्या गल्लीबोळांतून, वाळूतून आणि रात्री-अपरात्री हाकलेली असते. म्हणून विकणाऱ्याकडे मागील सर्व वर्षांच्या विमा पॉलिसी मागाव्यात, कारण पॉलिसीवर गाडीचा वापर खासगी की व्यावसायिक, हे लिहिलेले असते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदीत प्रत्येक भेटीचे किलोमीटर असतात, त्यांचा क्रम मध्येच तुटला असेल किंवा मीटर मागे गेला असेल, तर तेथेच उघडे पडते. अशी गाडी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. तिची देखभाल पुष्कळदा नियमित झालेली असते. मात्र तिचा भाव त्याच वर्षाच्या घरगुती गाडीएवढा असूच शकत नाही, आणि खासगी नोंदणीचे काम विकणाऱ्याने आपल्या खर्चाने पूर्ण केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

शेजारच्या राज्यातील स्वस्त गाडीचा मोहही पेडणे-काणकोणकडे बराच दिसतो. एमएच-०७ (सिंधुदुर्ग) किंवा केए-३० (कारवार) क्रमांकाची गाडी गोव्यात कायम वापरायची, तर तिकडच्या आरटीओची ना-हरकत, येथील नवी नोंदणी आणि येथील कर हे सारे येते. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मिळवणे हे चिकाटीचे काम आहे. हा खर्च किमतीत धरून मगच ती स्वस्त आहे की नाही, ते ठरवावे.

तपासणी, म्हणजे आकडे गोळा करणे

गाडी कोरडी असताना, भर दिवसा आणि इंजिन थंड असताना पाहावी. पोहोचताच बोनेटला हात लावावा. ते कोमट लागले, तर गाडी आधी चालू करून ठेवली आहे आणि पहिल्या स्टार्टचा आवाज व धूर तुम्हाला ऐकू-दिसू नये, अशी तजवीज झाली आहे, असे समजावे.

किनारपट्टीवरच्या गाडीला खारी हवा खालून खाते. दारांच्या खालच्या कडा, सायलेन्सर, सीटचे रूळ आणि डिकीत स्टेपनी काढल्यावर दिसणारा पत्रा येथे गंज आधी येतो. रंगाखाली फुगलेला बुडबुडा दिसला, तर आतला पत्रा किती गेला आहे, हे गॅरेजवाल्यालाच पाहू द्यावे. डिचोली-साखळीकडच्या गाडीखाली तांबडी माती असणे हा दोष नव्हे. ती तेथील प्रत्येक गाडीखाली असते. पण तीच माती बारीक गाळाच्या रूपाने फ्यूज बॉक्समध्ये किंवा डॅशबोर्डच्या मागे सापडली, तर गाडी पुराच्या पाण्यात उभी होती, अशी शंका घ्यावी. वाळवंटी नदीचे पाणी साखळीच्या बाजारात शिरते, तेव्हा तेथे उभ्या असलेल्या गाड्याही भिजतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण मालक गालिचा बदलतो, सीट धुतो, पण पट्ट्याच्या आतल्या टोकावरचा पाण्याचा डाग विसरतो. पुरात बुडालेल्या गाडीचा भाव करत बसू नये. ती सोडून द्यावी.

टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '०९२०' म्हणजे २०२० सालचा नववा आठवडा. नक्षी कितीही दिसत असली, तरी असे टायर लवकरच बदलावे लागणार आहेत, आणि हा खर्च कोणी नाकारू शकत नाही. क्लच पाहण्यासाठी चढ हवा. पणजीत आल्तिनोचा किंवा फोंड्याजवळ फर्मागुडीचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर घ्यावा; इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच प्लेट संपत आली आहे. शेवटी आपल्या ओळखीच्या गॅरेजात गाडी नेऊन तिच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतले दोष दाखवणारा स्कॅनर लावून घ्यावा आणि दुरुस्तीचा अंदाज चिठ्ठीवर लिहून मागावा. विकणारा गॅरेजात यायलाच तयार नसेल, तर त्याचे उत्तर तेथेच मिळाले.

हिशेब आणि बोलणी

भावाचा मध्यबिंदू ठरवण्यासाठी त्याच वर्षाच्या, त्याच इंधनाच्या, गोव्यातच विकायला असलेल्या सात-आठ गाड्यांच्या मागण्या टिपाव्यात. त्या मागण्या आहेत, झालेले व्यवहार नव्हेत, हे लक्षात ठेवावे. महिनाभर तशीच दिसत राहिलेली जाहिरात म्हणजे तेवढा भाव बाजाराने नाकारला आहे. पॉलिसीवरील आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, हा दुसरा आधार. गाडी तीन ते चार वर्षांची असताना गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री-किमतीतून ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांत ५० टक्के घसारा धरण्याची रीत आहे. मागणी असलेल्या मॉडेलला बाजार याहून जास्त देतो, तरीही दोघांपैकी कोणीच न ठरवलेला आकडा म्हणून तो बोलण्यात उपयोगी पडतो.

समजा, २०२० सालच्या एका पेट्रोल हॅचबॅकची मागणी ४,२०,००० रुपये आहे आणि तशाच गाड्यांचा मध्य ४,०५,००० रुपये दिसतो. चार टायर २०,०००, क्लच मजुरीसह ९,०००, लोअर आर्म आणि बुश (चाकांजवळचे सस्पेन्शनचे भाग) ५,०००, अशी गॅरेजची चिठ्ठी ३४,००० रुपयांची झाली. रास्त भाव ३,७१,००० रुपयांच्या आसपास येतो. पहिला देकार ३,६०,००० रुपयांचा द्यावा आणि ३,७५,००० रुपयांच्या वर जायचे नाही, हे घरून निघतानाच ठरवावे. वायपर, ब्रेक पॅड, बंपरवरचे ओरखडे यांचे पैसे मागू नयेत. सहा वर्षांच्या गाडीला ते असणारच, आणि तेवढ्यावरून वाद घालणाऱ्याच्या टायरच्या मुद्द्याकडेही मग कोणी लक्ष देत नाही.

गोव्यात गाड्यांचे बरेच व्यवहार ओळखीत होतात. मावशीच्या शेजाऱ्याची किंवा कचेरीतील सहकाऱ्याची गाडी असते, आणि भाव करताना जीभ अडखळते. अशा वेळी चिठ्ठीच उपयोगी पडते. "काका, गाडी मला पसंत आहे. गॅरेजवाल्याने एवढे काम सांगितले आहे. यातले काय धरायचे नाही, ते तुम्हीच सांगा," असे म्हणून कागद पुढे करावा आणि गप्प राहावे. ही शांतता अवघड वाटते म्हणून आपणच "बरं, पाच हजार वाढवतो" असे म्हणणारे पुष्कळ असतात. गाडीला नावे ठेवू नयेत. माणसाला आपल्या गाडीची निंदा आवडत नाही, आणि रागावलेला मालक किंमत उतरवत नाही.

जुन्या गाड्यांचा नोंदणीकृत व्यापारी कधी कधी "वर १८ टक्के जीएसटी" असे सांगतो. हा कर सर्वसाधारणपणे पूर्ण किमतीवर नसून त्याच्या नफ्यावर असतो. त्याने ३,६०,००० रुपयांना घेतलेली गाडी ४,००,००० रुपयांना विकली, तर ४०,००० रुपयांवर ७,२०० रुपये होतात. ७२,००० होत नाहीत. खासगी मालकाकडून घेताना हा प्रश्नच येत नाही. मध्यस्थ असेल, तर दलाली कोण देणार, हे गाडी पाहण्यापूर्वी विचारून घ्यावे.

पर्यटनाचा हंगाम संपून पाऊस लागला की भाव नरमतात, आणि चतुर्थीच्या तोंडावर गाडी घरी आणण्याची घाई सुरू होते. घाई नसलेल्याने जून-जुलैत पाहावे.

पैसे देताना

टोकन थोडेच द्यावे आणि त्याची पावती घ्यावी. तिच्यावर गाडीचा व चॅसिसचा क्रमांक, ठरलेली पूर्ण किंमत, आणि नोंदणी किंवा कर्जात अडचण निघाल्यास टोकन परत, ही अट लिहिलेली असावी. बाकी रक्कम बँकेतूनच द्यावी. दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे. गाडीवर कर्ज असल्यास तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि बँकेची ना-हरकत व कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती घ्यावा.

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच वेळी व्हाव्यात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. नोंदीत ज्याचे नाव आहे, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून नाव लवकर बदलून घेण्याची तुमची तयारी विकणाऱ्यासाठीही मोलाची असते आणि ती बोलणीच्या शेवटच्या टप्प्यात, दोन-तीन हजारांवर गाडे अडले असताना, पुढे करावी. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाबरोबर जातो आणि त्याच्या फरकाची रक्कम कंपनी नव्या मालकाकडून घेते. ती किती येईल, हे विमा कंपनीकडे आधीच विचारून ठरलेल्या किमतीच्या हिशेबात धरावे.